एकशे अठराव्या किलोमीटरची सही

"सही कशाची?" भाऊरावांनी विचारले. पेन त्यांनी हातात घेतला होता, पण टोपण काढले नव्हते.

"फक्त सही, नाव आणि वेळ," धम्मशीला म्हणाली. "मी एक वाजून दहा मिनिटांनी इथे होते, एवढंच त्यातून सिद्ध होतं."

"ते त आमी डोयानं पाह्यलं. कागदावर कायले पायजे?"

पळसवाडीतल्या किराणा दुकानाच्या ओट्यावर पाच-सहा माणसे बसली होती. दुकानाचे शटर खाली होते. ओट्याला टेकून पातळ चाकांची एक निळी सायकल उभी होती आणि सायकलीशेजारी तिची मालकीण. धम्मशीला इंगळे, वय अठ्ठेचाळीस, बुलढाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. डोक्यावर हेल्मेट, अंगात चकाकत्या पट्ट्यांचे भडक पिवळे जाकीट, हातात जाड पुठ्ठ्याचे एक कार्ड. कार्डावर सहा चौकटी होत्या. चार भरलेल्या, पाचवी रिकामी आणि सहावीत छापलेले : 'समाप्ती, बुलढाणा'.

ती एका वार्षिक सायकलफेरीत उतरली होती : दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास. सकाळी सहाला निघायचे, संध्याकाळी साडेसातच्या आत परत यायचे. वाटेत नेमलेल्या ठिकाणी नेमलेल्या वेळेच्या आत सही घ्यायची. पळसवाडी एकशे अठराव्या किलोमीटरला येत होती आणि इथली वेळ एक बावन्नला संपत होती. पूर्ण करणाऱ्याला एक पदक मिळे, चहाच्या बशीपेक्षा लहान.

पहिल्या वर्षी धम्मशीलेचे टायर फाटले. दुसऱ्या वर्षी ती नऊ मिनिटे उशिरा पोचली. पदकासाठी तिने पहिल्या वर्षीच बैठकीच्या खोलीत एक खिळा ठोकून ठेवला होता. प्रयोगाआधी निष्कर्ष लिहू नये, हे विद्यार्थ्यांना सांगणारी बाई ती. पण खिळा ठोकला गेला होता. त्यावर सध्या सासूबाईंची, जनकाबाईंची, औषधांची पिशवी असे. रोज सकाळी पिशवी काढताना जनकाबाई विचारत, "हा खिळा कायचा होता वो, धम्मशीला?" त्यांना चांगले ठाऊक होते. या वर्षी धम्मशीलेने स्टाफरूममध्ये कोणालाही काही सांगितले नव्हते.

"सही केल्यानं तुमचं काहीही जाणार नाही, काका," ती म्हणाली.

"असंच एक साहेब म्हणे," भाऊराव ओट्यावरच्या बाकीच्यांकडे वळले. "हजेरीची सही करा म्हणे. केली. त मी तंटामुक्तीचा अध्यक्ष! दोन साल दुसऱ्याचे नवरा-बायकोचे भांडणं ऐकले म्या. घरची म्हणे, आपलं कवा ऐकता?"

ओटा हसला. धम्मशीलेने घड्याळ पाहिले. एक सतरा.

"अन् मॅडम," पलीकडून पुंजाजीने विचारले. हा पन्नाशीचा, किरकोळ बांध्याचा माणूस आल्यापासून सायकलीच्या चाकाकडे बघत होता. "घरी गाडी नाही काय?"

"आहे. चारचाकी आहे."

"मंग सायकलीवर काऊन?"

"हौस म्हणून."

उन्हातान्हात, बुलढाण्याहून, घरी चारचाकी असताना, हौस म्हणून. हे उत्तर कोणालाच पटले नाही, आणि खोटे उत्तर देणाऱ्या माणसाकडे लपवण्यासारखे काही असणार, हे सगळ्यांनाच पटले.

"सकाळपासून असेच सहा झणं येऊन गेले," भाऊराव सावकाश म्हणाले. "असंच पिवळं जाकीट. दुकानवाल्या गोपालनं सह्या देल्ल्या, अन् तो गेला मेहकरले माल आणाले. तुमी सातव्या."

"हो, ते माझ्या पुढचे."

"सात झणं. एका रस्त्यासाठी." भाऊरावांनी पेन खाली ठेवला. "हा हँडलवर डबा कायचा?"

"मीटर आहे. अंतर मोजतो."

"अन् गावाच्या बाहीर, दगडाजौळ उभं राहून फोटो काढला तुमी. आमचा पोट्टा सांगे."

"किलोमीटरच्या दगडाचा फोटो काढायचा असा नियमच आहे."

"कोणाचा नियम?"

"संयोजकांचा."

"सं-यो-जक," भाऊरावांनी शब्द चघळून पाहिला. "खातं नवीन दिसते."

आता पुंजाजी उठून उभा राहिला. पिवळे जाकीट, अंतर मोजायचा डबा, दगडाचे फोटो, सात माणसे आणि लोकांच्या सह्या. पुराव्यांची अशी साखळी विद्यार्थ्याने मांडली असती तर धम्मशीलेने त्याला पूर्ण गुण दिले असते.

"रस्त्याचा सर्वे हाय," पुंजाजी म्हणाला. "रुंद होऊन राह्यला."

"नाही हो! कसलाच सर्वे नाही. मी शिक्षिका आहे."

"शिक्षकायलेच लावते ना सरकार. जनगणनेले कोण येते? इलेक्शनले कोण येते?"

मागच्याच वर्षी धम्मशीला मतदार यादीसाठी चारशे घरांच्या पायऱ्या चढली होती.

गंमत अशी की हा रस्ता तिला आवडत होता तो नेमका अरुंद होता म्हणून. मेहकरचा मोठा रस्ता सोडला की तो टेकाडांवरून खाली-वर होत, गव्हाच्या आणि हरभऱ्याच्या शेतांमधून एकटाच जात राही. मघापासूनच्या वीस किलोमीटरमध्ये तिला एक ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली आणि डांबरावर आडवे झोपलेले एक कुत्रे एवढीच रहदारी भेटली होती. कुत्र्याने तिच्यासाठी फक्त शेपटी बाजूला घेतली होती. फेब्रुवारीत गावोगावचे लोक अर्ध्या रस्त्यावर हरभरा वाळत घालत आणि उरलेल्या अर्ध्यातून सायकल आरामात जाई.

"रुंद झाला त बरंच हाय की," भाऊरावांच्या डोळ्यांत चमक आली. "एसटी येईन. माह्या नातीले कालेजात जाता येईन. आणा तो पेन, बाई. आधी काऊन नाई सांगतलं?"

त्यांनी टोपण काढले आणि पाचव्या चौकटीत, 'भा' पासून सुरू करून, अत्यंत सावकाश सही केली. एक चोवीस. धम्मशीलेने वेळ स्वतः लिहिली आणि कार्डासाठी हात पुढे केला.

कार्ड तिथे नव्हते. ते पुढच्या माणसाच्या मांडीवर होते.

"एकच सही लागते!" ती म्हणाली.

"एकट्या भाऊरावाच्या सहीनं रस्ता भेटते काय? त्याच्या वावरापाशीच डांबर पडंन मंग." त्या माणसानेही सही केली. मग तिसऱ्याने. समोरच्या घरातून दोघे आले. कोणी तरी हाक मारली, "अबे या बे, रस्त्याच्या सह्या चालू हायेत!" आणि दळण घेऊन निघालेला एक जण डबा खाली ठेवून रांगेत उभा राहिला. पाचवी चौकट दोन बोटे रुंद होती. चौदा सह्यांनंतर ती वांग्याच्या भरतासारखी दिसू लागली.

एक पस्तीसला सरपंच मंजुळाबाई आल्या. सोबत मोबाईल उंच धरलेली त्यांची सून रुपाली होती. मंजुळाबाईंनी कार्ड हातात घेतले, चष्म्यावरून धम्मशीलेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ताई, अशा सुट्या सह्यायले वर कोणी इचारत नाही. शिक्का पायजे."

"नको, ताई, शिक्का खरंच नको."

"लाजू नका. आपला शिक्का आपल्याजौळच राह्यते. ग्रामसेवकाजौळ ठेवला त तो तालुक्याले फिरून येते." त्यांनी कमरेच्या पिशवीतून गोल शिक्का काढला, त्यावर फुंकर घातली, आणि कार्डावर उरलेली एकमेव रिकामी जागा शोधून तो दाबला. ती जागा म्हणजे सहावी चौकट होती. 'समाप्ती, बुलढाणा' या अक्षरांवर 'ग्रामपंचायत पळसवाडी' असे निळे वर्तुळ उमटले. त्याखाली मंजुळाबाईंनी सही केली आणि, कामात चोख असल्यामुळे, वेळही घातली : १.४५.

"आता माह्यी हरकत लिहून घ्या," पुंजाजी म्हणाला.

"कसली हरकत?"

"माहा गोठा वळणावर हाय. रस्ता रुंद झाला त पयले गोठा जाईन. बारा म्हशी घेऊन मी कुठं जाऊ? यायच्या सह्या चालतात, मंग माह्यी हरकतबी चालंन." त्याने कार्ड ओढले आणि चौकटींच्या मधल्या समासात, सह्यांवरून, धम्मशीलेने लिहिलेल्या वेळेवरून, बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली : 'माझा गोठा सन १९८७ पासून...'

"पुंजाजीभाऊ, थोडक्यात लिहा," धम्मशीला जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाली.

"थोडक्यात लिहिलं म्हणूनच माह्या आज्याचा बांध गेल्ता."

एक एकोणपन्नासला तिने कार्ड अक्षरशः त्याच्या पेनाखालून ओढून घेतले. रुपालीने तिचा नंबर विचारला. नंबर देण्यात गेलेले आठ सेकंद हा सुटकेचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे असा हिशेब करून तिने तो दिला, आणि पेडल मारले.

ब्याऐंशी किलोमीटर उरले होते. पाच तास एक्केचाळीस मिनिटे. ताशी साडेचौदा. चढ, वारा आणि पाणी प्यायला थांबणे धरून हे जमण्यासारखे होते, फक्त आता कोणी थांबवायला नको होते. पहिल्या टेकाडाच्या माथ्यावर तिने मागे वळून पाहिले. ओट्यावरची माणसे पांगली नव्हती. सगळ्यांचे हात कानाशी होते. ते फोन करत होते.

टेंभी तिथून सहा किलोमीटर. दोन वाजून बारा मिनिटांनी ती पोचली तेव्हा रस्त्यात आडवी खाट टाकलेली होती आणि खाटेवर उकंडराव नावाचे गृहस्थ सातबाऱ्याची फाईल घेऊन बसले होते. बाजूला ताटात चहाचे कप होते.

"मॅडम, पळसवाडीच्या सह्या घेतल्या म्हणे. टेंभीनं काय घोडं मारलं?"

"हे बघा, तो सर्वे नाहीये. ही सायकलची—"

"समजलं, समजलं. गुप्त हाय." उकंडरावांनी डोळा मिचकावला. "आमी कोणाले नाई सांगत. चहा घ्या."

तिने खरे सांगितले. मग आणखी सविस्तर खरे सांगितले. ती जितके खरे बोलत गेली तितका उकंडरावांचा आदर वाढत गेला. एवढे कसून लपवणारा माणूस त्यांनी तालुक्यात पाहिला नव्हता. शेवटी तिने दोन कप चहा प्यायला, फाईलचे बारा कागद पाहिले, एका विहिरीची खोली ऐकून घेतली आणि दोन एकतीसला खाटेला वळसा घालून निघाली. एकोणीस मिनिटे. मागच्या वर्षीची नऊ, यंदाची एकोणीस.

सायकल चालवताना तिने मनात मांडणी केली. बुलढाण्याच्या मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत अजून सहा गावे होती. प्रत्येक गावी सरासरी पंधरा मिनिटे धरली तर दीड तास गेला. दीड तास तिच्याकडे नव्हता. खिळा तिच्या डोळ्यांसमोर आला. पिशवीही आली.

पुढच्या उतारावरून हिवरा दिसू लागला. रस्त्यावर पन्नासेक माणसे होती. दोन ट्रॅक्टर समोरासमोर लावून रस्ता अडवलेला होता. एका बाईच्या हातात नारळ होता. कोणी तरी शेतातली मोजायची लांब टेप आणून डांबरावर पसरली होती, मॅडमना त्रास नको म्हणून.

धम्मशीलेने ब्रेक दाबले. बावीस वर्षांच्या नोकरीत तिने प्रयोगाच्या वहीत कधी आकडा बदलला नव्हता. विद्यार्थ्याने बदललेला आकडा तिला कागदाच्या वासावरून कळे, अशी ख्याती होती. ती सायकलवरून उतरली, हेल्मेट सरळ केले आणि आईच्या घरची, एरवी वर्गात कधी न वापरलेली भाषा तिच्या तोंडून आपोआप आली.

"हाव. सर्वेच हाय."

जमाव पुढे सरकला.

"पण टायमाचा सर्वे हाय!" तिचा आवाज चढला. "साडेसातच्या आत ही सायकल बुलढाण्याले पोचली त रस्ता पास. एक मिनिट उशीर झाला त नापास. आता तुमीच ठरवा, मले चहा पाजायचा का रस्ता पायजे!"

चहाची किटली घेऊन येणारा माणूस जागच्या जागी फिरला आणि किटलीसह घरात गेला.

"अबे काढा ते ट्रॅक्टर!" कोणी तरी ओरडले. "टेप गुंडाळ बे! अन् फोन लावा पुढं, कोणी थांबवू नका म्हणा मॅडमले! तो टेंभीचा येडा उकंडराव, एकोणीस मिनिटं खाल्ले त्यानं!"

दोन छप्पन. एक्काहत्तर किलोमीटर. ताशी पंधरा पूर्णांक सहा.

त्यानंतर जे घडले ते धम्मशीलेने आयुष्यात कधी अनुभवले नव्हते. फोन तिच्यापुढे धावत होते. पुढच्या गावी रस्त्यावरचा हरभरा बायका खराट्याने भराभर ओढून घेत होत्या. ती आली तेव्हा मधोमध एक काळी, स्वच्छ पट्टी तयार होती. त्याच्या पुढच्या गावी म्हशींचा कळप रस्त्याखाली उतरवून माणसे शिंगे धरून उभी होती. वळणावर एक म्हातारा हात दाखवून समोरचा टेम्पो अडवत होता. कुत्री बांधलेली होती. सगळे मनगटाकडे बघत होते.

"चौदा मिनिटं मांगं हायेत!" एका ओट्यावरून आवाज आला.

"दम लावा, मॅडम!"

चार पोरे दोन मोटारसायकलींवरून शेजारी आली. "मॅडम, आमी पुढं चालतो. वारा लागणार नाई तुमाले."

"पुढं गाडी चालली त सर्वे रद्द!" ती ओरडली. हे मात्र खरे होते. पुढे वाहन घेऊन वारा अडवणे नियमात बसत नव्हते. पोरे निमूट मागे गेली आणि वीस मीटरवरून, अंत्ययात्रेतल्यासारखी हळू, चालत राहिली. हरभरा बाजूला करण्याविषयी नियमात काही लिहिलेले नव्हते. तिने नियम दोनदा मनातल्या मनात वाचून पाहिले.

टेकाडे संपत नव्हती. एक चढून उतरले की दुसरे तयार. मांड्या पेटल्या होत्या, आणि त्याहून वाईट म्हणजे आता उशीर झाला तर तो तिच्या एकटीचा राहिला नव्हता. मागे वळून पाहिले की मोटारसायकलीवरच्या पोरांचे चेहरे दिसत. बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखे. कोणाची नात कॉलेजात जायची होती. तिने आकडा बदलला होता, आणि आठ गावे तो आकडा खरा करायला निघाली होती.

साडेचारला फोनची बॅटरी संपली. पाच वाजून दहा मिनिटांनी मोठा रस्ता लागला. पोरे तिथेच थांबली, कारण त्यांच्याकडे लायसन नव्हते. मग ट्रक, धूर, समोरचा वारा. अंधार पडल्यावर पुढचा दिवा आणि पाठीवरच्या चकाकत्या पट्ट्या. शेवटच्या चढावर तिने मिनिटे मोजणे सोडून दिले आणि पेडलचे फेरे मोजले.

सात वाजून सव्वीस मिनिटांनी ती बुलढाण्यात, ठरलेल्या चौकातल्या टेबलापाशी, सायकलसकट जवळजवळ आडवी झाली.

तिचा नवरा चंद्रशेखर थर्मास घेऊन धावला. गेली दोन वर्षे तो याच चौकात याच थर्मासमधला चहा थंड होताना बघत उभा राहिला होता. "झालं? झालं ना?" तो म्हणाला.

टेबलामागे ऋत्विक होता. संयोजक, वय सव्वीस, इंजिनिअर, तिचा एके काळचा विद्यार्थी. त्याने कार्ड दिव्याखाली धरले. उलटे केले. पुन्हा सुलटे केले.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "शेवटच्या चौकटीत आधीच सही आहे. वेळ एक पंचेचाळीस. म्हणजे कार्डाप्रमाणे तुम्ही दोनशे किलोमीटर पावणेआठ तासांत संपवले, आणि पळसवाडीची ग्रामपंचायत बुलढाण्यात आहे."

"ते चुकून झालं."

"आणि पाचव्या चौकटीत वेळ दिसत नाही. तिथे लिहिलंय, 'बारा म्हशी असून त्यापैकी सात दुभत्या'." त्याने डोळे चोळले. "तुम्ही एक बावन्नच्या आत तिथे होता याला पुरावा काय?"

"ऋत्विक, अरे, मॅडम येऊन पडल्यात समोर," चंद्रशेखर म्हणाला.

"सर, मी काय करू? बारावीत मॅडमनी माझा अर्धा गुण कापला होता. उत्तर बरोबर होतं. फक्त एकक लिहायचं राहिलं होतं."

"एकक नसलं तर उत्तर बरोबर नसतं," धम्मशीला जमिनीवरूनच, सवयीने, म्हणाली.

"तेच म्हणतोय मी," ऋत्विक म्हणाला.

दगडाचा फोटो होता, पण तो बंद पडलेल्या फोनमध्ये. चंद्रशेखरने तिचा फोन घेऊन गाडीत चार्जिंगला लावला. दोन मिनिटांनी फोन सुरू झाला आणि थरथरू लागला. तो थांबेचना. रुपालीने तिला 'पळसवाडी विकास मंच' या गटात घातले होते. गटावर त्रेसष्ट व्हिडिओ येऊन पडले होते.

ऋत्विकने पहिला लावला. पाठवल्याची वेळ, दुपारी एक सेहेचाळीस. पडद्यावर ओटा, बंद शटर, पिवळ्या जाकिटातली धम्मशीला आणि कार्डावर वाकलेला पुंजाजी. मग टेंभी. मग हिवरा. मग गावामागून गाव, ती येते, जाते, खराटे थांबतात. एकही किलोमीटर संशयाला जागा ठेवत नव्हता. इतका सज्जड पुरावा ऋत्विकच्या टेबलावर आजवर आला नव्हता.

"उत्तम," तो म्हणाला आणि त्याने आवाज मोठा केला. रुपालीचा उत्साही स्वर चौकात घुमला : "ह्या पाहा, सर्वेच्या मॅडम! आपला रस्ता पास करासाठी जिवाचं रान करून राह्यल्या!"

ऋत्विकने मान वर केली. चंद्रशेखरने थर्मासचे झाकण लावले.

"मॅडम, कसला सर्वे?"

"टायमाचा," धम्मशीला अगदी बारीक आवाजात म्हणाली.

ऋत्विकने कार्ड उलटे केले, मागच्या कोऱ्या बाजूवर सही केली, सात सव्वीस लिहिले, आणि मुद्दाम सावकाश पुढे जोडले : 'वाजता, सायंकाळी'.

पदक खिळ्यावर गेले. जनकाबाईंनी औषधांची पिशवी दाराच्या कडीला अडकवली आणि पदक हातात घेऊन वजन पाहिले. "एवढ्यासाठी?" त्या म्हणाल्या, पण येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला खिळ्यापाशी नेऊ लागल्या.

धम्मशीलेला मात्र ते पदक बघवत नसे. रात्री जेवताना ती म्हणे, "आपण जाऊन खरं सांगून येऊ." चंद्रशेखर म्हणे, "तू टेंभीत खरं सांगितलं होतंस. काय झालं?" अखेर तिने गटावर रीतसर, तीन परिच्छेदांत, सगळे कबूल केले. उत्तरादाखल एकवीस जणांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली आणि उकंडरावांनी लिहिले, 'समजलं. गुप्त हाय.'

आणि मग रस्ता खरोखरच झाला. त्याचा प्रस्ताव तीन वर्षांपासून कुठल्याशा टेबलावर पडून होता, तो त्याच्या गतीने सरकत सरकत नेमका त्याच वर्षी मंजूर झाला. हे पळसवाडीत कोणी सांगून पाहावे.

पुढच्या फेब्रुवारीत ऋत्विकने सायकलींचा मार्ग बदलला. त्या रस्त्यावर आता फार ट्रक असतात, असे त्याने कळवले. त्याच आठवड्यात मंजुळाबाईंचा फोन आला. सत्काराला यायलाच पाहिजे, ताई, ऐकणार नाही.

धम्मशीला आणि चंद्रशेखर चारचाकीने गेले. टेकाडे निम्मी कापून सपाट केलेली होती. हरभरा कुठेच दिसला नाही. मागून हॉर्न देत तीन ट्रक पुढे गेले. गोठ्याच्या वळणावर रस्ता गोठ्याला वळसा घालून गेला होता, आणि गोठ्याच्या पुढच्या अंगाला पत्र्याची शेड होती : 'पुंजाजी चहा, शुद्ध म्हशीचे दूध'. समोर नऊ ट्रक उभे होते. पुंजाजी वर्षभरात चांगलाच भरला होता.

शाल आणि नारळ झाल्यावर भाऊराव तिला बाजूला घेऊन गेले. ते वाळल्यासारखे दिसत होते.

"नात जाते ना कॉलेजात?" तिने विचारले.

"जाते. एसटी येते रोज. त्याचं काई नाई, बाई." त्यांनी आवाज खाली आणला. "पण रातभर ट्रक. भित हालते. अन् हरभरा कुठं वाळू घालू, सांगा? मांगच्या महिन्यात दोन पोते घातला, त अख्खा बुलढाण्याले गेला, टायरायले लागून." खिशातून त्यांनी चार घड्यांचा कागद काढला, उलगडला आणि पेनासकट तिच्यापुढे धरला. "एवढी सही करा."

धम्मशीलेने पेन घेतला, पण टोपण काढले नाही.

"सही कशाची?"

"वाचा की."

कागदावर नातीच्या वळणदार अक्षरात विषय लिहिला होता : 'मौजे पळसवाडी येथील रस्ता पूर्ववत अरुंद करून मिळणेबाबत.' खाली अकरा सह्या होत्या. तिने दोनदा वाचले. लांबून एक ट्रक उतारावर गिअर बदलत आला आणि तो जाईपर्यंत तिने फडफडणारा कागद धरून ठेवला.

मग तिने टोपण काढले आणि सही केली. घड्याळात पाहून सहीखाली वेळ लिहिली.

"मॅडम!" शेडमधून आवाज आला. पुंजाजी हातात किटली घेऊन रस्ता ओलांडत होता, दोन्हीकडे बघत, जमेल तितक्या घाईने. "थांबा, मॅडम! कागद बंद करू नका! माह्यी हरकत लिहून घ्या!"